अंगावर काढलेले किलोमीटर

"दहापैकी किती दुखतंय?" फिजिओने विचारलं.

"तीन," मी म्हणाले.

ती माझ्या डाव्या नडगीवरून अंगठा दाबत दाबत खाली आली. घोट्याच्या वर चार बोटं, आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या एका जागी अंगठा टेकला आणि मी टेबलावर ताडकन उठून बसले. ती काही बोलली नाही. "उभ्या राहा. आता फक्त डाव्या पायावर एक उडी मारा." मी उजवा पाय उचलला, दोन्ही हात पुढे घेतले, गुडघा वाकवला आणि तशीच राहिले. डोक्याने हुकूम सोडला होता, पाय तो घ्यायला तयार नव्हता.

"हे तीन नाही, ताई," ती म्हणाली. "आणि तुम्हाला ते माहीत होतं."

तारीख ४ नोव्हेंबर २०२४, भाऊबीजेचा दुसरा दिवस. मुंबई मॅरेथॉन १९ जानेवारीला होती. मधे जेमतेम ११ आठवडे.

मराठीत दुखणं अंगावर काढतात. माझ्या आईने सातारला एक अख्खा पावसाळा मोडलेलं मनगट अंगावर काढलं. लचकलंय असं समजून आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप लावायचा आणि त्याच हाताने कणीक तिंबायची. "अंगावर काढलं हो मी," असं ती आजही सांगते, तेव्हा त्यात तक्रार किती आणि टेंभा किती हे मला ठरवता आलेलं नाही. लांब पल्ल्याचं धावणं म्हणजे तर या क्रियापदाचाच खेळ. रविवारी पहाटे चारला उठायचं, अंधारात घराबाहेर पडायचं, पंचविसाव्या किलोमीटरला मांड्या भरून आल्या तरी पाय टाकत राहायचं. 'दुखतंय, पण चालेल' हे म्हणता येणं हेच मुळी या खेळातलं शिक्षण. दोन-चार वर्षांत ते इतकं अंगवळणी पडतं की एक दिवस स्नायूऐवजी हाड बोलायला लागतं, आणि आपण त्यालाही तेच उत्तर देतो.

मी चव्वेचाळीस वर्षांची. चार अर्धमॅरेथॉन झालेल्या, पूर्ण एकही नाही. ४२.१९५ किलोमीटर हा आकडा मी फ्रिजवर चिकटवला होता. त्याच्या खाली सरावाचा तक्ता. माझ्यासारखे हौशी धावपटू जखमी कसे होतात याबद्दल मी नंतर बरंच वाचलं, बऱ्याच लोकांशी बोलले. अज्ञानामुळे झाला असं म्हणणारा त्यांत क्वचितच भेटला. सगळ्यांना आधी कळलं होतं. सगळ्यांनी आकडा कमी सांगितला होता.

माझा हिशेब असा. १ सप्टेंबरला सातारा हिल अर्धमॅरेथॉन. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि उतरायचा. चढताना दम लागतो म्हणून आपण चढाला घाबरतो. नडगी मोडते ती उतारावर, कारण तिथे प्रत्येक पाऊल ब्रेक मारत पडतं. मग गणपती आले. दोन रविवार मोदकांत आणि मांडवात गेले. पुढच्या दोन रविवारी १६ आणि १९ किलोमीटर. तक्ता मात्र आमच्या गणपतीसाठी थांबला नव्हता. ६ ऑक्टोबरच्या चौकोनात २८ लिहिलेलं होतं. मी ते धावले. 'राहिलेलं भरून काढायचं' हा शब्दप्रयोग आम्हा मध्यमवर्गीयांच्या हाडीमाशी खिळलेला आहे, अभ्यासापासून हप्त्यांपर्यंत.

आणि ६ ऑक्टोबर हा नवरात्रातला रविवार होता. माझे नऊ दिवस उपास. आदल्या रात्री वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, सकाळी धावून आल्यावर साबुदाण्याची खिचडी, ती खाऊन झोप. तेव्हा अभिमान वाटला होता. उपास आणि २८ किलोमीटर! धावण्याच्या ग्रुपवर फोटो टाकला. पन्नास-साठ अंगठे आले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३० किलोमीटरच्या धावेत, नडगीत काहीतरी कुरकुरलं. धावायला लागलं की दुखायचं, तापलं की थांबायचं. पुढच्या आठवड्यात तापल्यावरही थांबेना. २७ ऑक्टोबरला ३२ किलोमीटर, त्यातले शेवटचे सहा लंगडत. दिवाळीत चकल्या तळताना मी कढईपुढे बगळ्यासारखी एका पायावर उभी होते आणि कुणी विचारलं तर म्हणत होते, पाठ अवघडलीय. रात्री झोपेत दुखायला लागलं, तेव्हा मला समजलं होतं. आराम करतानाही जे दुखतं ते वेगळं असतं, एवढं कुठल्याही धावणाऱ्याला ठाऊक असतं. तरी मी फिजिओला तीन सांगितलं.

मधे एका ओळखीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला होता. तो स्वच्छ आला. "काही नाही, सूज आहे, गोळ्या घ्या, हळूहळू धावा." त्यांना दोष देण्यात फार अर्थ नाही. अशी भेग पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. हाड सांधायला लागतं, तिथे नवं हाड साचतं, तेव्हा कुठे सावली उमटते. म्हणजे चोरी झाल्याचं घर दुरुस्त करताना कळावं तसं. एमआरआय मात्र हाडाच्या आतलं पाणी दाखवतो. स्टॅनफर्डच्या मायकेल फ्रेडरिकसन यांनी १९९५ मध्ये नडगीसाठी एमआरआयच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या. पहिलीत फक्त हाडावरच्या आवरणाला सूज, चौथीत सरळ भेगेची रेघ. माझी तिसरी निघाली. रेघ नव्हती, पण हाडाच्या मगजात सूज होती, आणि आणखी दोन रविवार मिळाले असते तर चौथीही आली असती, असं फिजिओ म्हणाली.

हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे, हे शाळेत शिकलो होतो. खरं वाटलं ते आता. हाडात दोन टोळ्या सतत कामावर असतात. एक जुनं हाड कुरतडून काढते, दुसरी त्या खड्ड्यात नवं भरते. भार वाढला की दोघींचं काम वाढतं. अडचण वेळापत्रकाची. कुरतडणं तीनेक आठवड्यांत उरकतं, भरायला तीनेक महिने लागतात. आपल्याकडच्या रस्त्यांना सरावलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. खोदणारे वेळेवर येतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमक्या त्याच काळात आपल्याला 'आता जमायला लागलंय' असं वाटत असतं, कारण हृदय, फुप्फुसं आणि स्नायू यांची तयारी हाडाच्या कितीतरी आधी होते. धावताना प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने उलट ढकलते. माझ्या वेगाने २८ किलोमीटर म्हणजे तीस हजारांच्या आसपास पावलं. उघड्या खड्ड्यावरून तीस हजार वेळा ट्रक.

'आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका' हा नियम प्रत्येक धावणाऱ्याला पाठ असतो. तो कुणी, कशावरून ठरवला हे कुणी विचारत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी २००८ मध्ये नवख्या धावपटूंचे दोन गट करून तो तपासला. एका गटाने १० टक्क्यांच्या शिस्तीने १३ आठवडे तयारी केली, दुसऱ्याने आठ आठवड्यांत घाईने. दोन्हीकडे साधारण पाचातला एक जखमी झाला. नियम पाळणारे आणि न पाळणारे सारखेच. २०२५ च्या जुलैत डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या मंडळींचा मोठा अभ्यास आला. पाच हजारांवर धावपटू, दीड वर्ष, मनगटी घड्याळांतल्या नोंदी. आठवड्याची बेरीज किती वाढली याचा दुखापतीशी मेळ लागेना. मेळ लागला तो एकाच धावेशी: गेल्या ३० दिवसांत जी सर्वांत लांब धाव झाली, तिच्यापेक्षा आजची १० टक्क्यांहून जास्त लांब असेल, तर धोका वाढतो. मी वही काढली. १९ वरून २८. सत्तेचाळीस टक्के.

हे वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. गुन्ह्याची नेमकी तारीख सापडली की माणसाला हलकं वाटतं.

पण फिजिओला तारखेत रस नव्हता. ती कोल्हापूरकडची, तिशीतली, स्पष्ट बोलणारी. नाव छापू नका म्हणाली, नाहीतर पेशंट खरं सांगायचे बंद होतील. तिने विचारलं, खाता काय? मी नेहमीचं सांगितलं, पोळी-भाजी, वरण-भात, रात्री कमी. किती कमी? धावून आल्यावर किती वेळाने खाता? वजन किती उतरलं? पाच किलो, मी खुशीत सांगितलं. तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, "पाळी?"

मी गप्प झाले. जुलैनंतर आली नव्हती. मला वाटलं होतं, वयच झालं, सुटले एकदाची.

"तुम्ही हे कुणाला सांगितलं?"

कुणालाच नाही. यातही अंगावर काढण्यासारखं काही असतं हेच सुचलं नव्हतं.

शरीराला लागतं त्याहून कमी इंधन मिळत राहिलं की ते आधी जिवाला अत्यावश्यक नसलेली खाती बंद करतं. पाळी त्यांतलं एक. पाळीबरोबर इस्ट्रोजेन जातं, आणि हाड कुरतडणाऱ्या टोळीवरचा मुकादमही त्याच्याबरोबर जातो. महिला खेळाडूंतली ही साखळी वैद्यकात बरीच वर्षं माहीत होती. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी ती मोठी करून पुरुषांनाही त्यात धरलं आणि 'खेळातली सापेक्ष ऊर्जा-तूट' अशा अर्थाचं नाव दिलं. आपल्याकडे तिला चातुर्मास म्हणायला हरकत नाही. हे मी चेष्टेत लिहिते, पण माझ्या ग्रुपमधल्या निम्म्या बायका श्रावणी सोमवार, संकष्टी, नवरात्र धरतात आणि त्यातच लांब धावा करतात, कारण धावण्याचा तक्ता आणि पंचांग यांची कधी गाठ पडत नाही. देवीला यात काही म्हणायचं असेल असं मला वाटत नाही. रक्ताच्या तपासणीत डी जीवनसत्त्वही तळाला गेलेलं निघालं. पुण्यात उन्हाला तोटा नाही. मी धावून घरी आले की ते उगवायचं, एवढंच.

तीन आठवडे पायात गुडघ्यापर्यंतचा बूट. अवकाशवीराच्या बुटासारखा, पण घालून चढायचं ते फक्त घराच्या जिन्यावर. ग्रुप मी गप्प करून ठेवला. बंद केला नाही. गप्प केला आणि दिवसातून दहा वेळा उघडून पाहिला. दर रविवारी सकाळी तिथे आकडे यायचे, ३२, ३४, पाषाण तलावावरच्या धुक्याचे फोटो, चहाच्या टपरीवरचे घामेजलेले चेहरे. मत्सर ही भावना कादंबऱ्यांत वाचली होती. ती पोटाच्या नेमक्या कुठल्या भागात असते हे तेव्हा कळलं. घरातले आनंदात होते. नवरा म्हणाला, "रविवारी तू घरी असतेस हे विसरलोच होतो." त्यावर काय बोलणार?

चौथ्या आठवड्यापासून पोहण्याचा तलाव. पोहायला नाही, धावायला. कमरेला फोमचा पट्टा बांधायचा, खोल पाण्यात उभं तरंगायचं आणि तळाला पाय न लावता धावायचं. हृदयाला काम, हाडाला सुट्टी. याला कारण होतं. पूर्ण आराम केला तर तीनेक आठवड्यांत ऑक्सिजन वापरण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी उतरते, असं १९८४ मधल्या एका नावाजलेल्या अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं. ऐकायला हे शास्त्रशुद्ध वाटतं. दिसायला मात्र पन्नास मिनिटं एक बाई खोल पाण्यात जागच्या जागी हातपाय मारते आहे, असंच दिसतं. बायकांच्या बॅचमध्ये आपल्या आईबरोबर आलेली एक सहा-सात वर्षांची मुलगी काठावर बसून माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. शेवटी म्हणाली, "काकू, तुम्ही कुठेच चालला नाहीयात."

त्याच महिन्यात मी आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना भेटले. वय त्रेसष्ट, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त, सात पूर्ण मॅरेथॉन नावावर. त्यांची टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीसची कंडरा, दोन वर्षं दुखत होती. दुखापतीबद्दल ते गाडीच्याच भाषेत बोलतात. "गाडी आवाज करते. ड्रायव्हर म्हणतो, चालतीये की. डेपोत लिहून देत नाही, कारण लिहिलं तर गाडी खाली राहणार, त्याची ड्युटी जाणार. मग ती खंबाटकीत बंद पडते आणि पन्नास माणसं रस्त्यावर." स्वतः मात्र त्यांनी दोन वर्षं डेपोत लिहून दिलं नव्हतं. मी तसं म्हटल्यावर हसले. "मेकॅनिकची गाडी नेहमी खटाराच असते."

त्यांना बरं केलं ते जिन्याच्या एका पायरीने. त्या व्यायामाची कथा मला फार आवडते. स्वीडनमधल्या उमिओ इथले हाडांचे शल्यविशारद होकन आल्फ्रेडसन स्वतः धावायचे आणि त्यांची हीच शीर दुखायची. शस्त्रक्रिया करा म्हणून ते आपल्या वरिष्ठांच्या मागे लागले. वरिष्ठांनी नकार दिला, एवढ्याशा दुखण्याला कापत नाहीत म्हणून. आल्फ्रेडसन चिडले. शीर तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, असा हिशेब करून ते ती तोडायच्या इराद्याने मुद्दाम भार घेऊन टाच पायरीखाली सोडायचा व्यायाम करू लागले. शीर तुटली नाही, बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी १५ धावपटूंवरचे निष्कर्ष छापले. पंधरा-पंधराच्या तीन आवर्तनांत, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. आज जगभरचे फिजिओ त्यातूनच निघालेले प्रकार शिकवतात. काका आपल्या सोसायटीच्या जिन्यावर पाठीला नातवाचं दप्तर लावून करायचे. दप्तरात विटा.

"दुखायचं का करताना?"

"दुखायला पाहिजे म्हणाले ना. पाचपर्यंत चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मूळ आकड्यावर यायला पाहिजे, एवढंच बघायचं."

मी हे फिजिओला येऊन सांगितलं, थोड्या तक्रारीच्या सुरात. त्यांना पाच आणि मला तीनही नाही? तेव्हा तिने जे सांगितलं त्यासाठी हा सगळा लेख लिहिते आहे असं म्हटलं तरी चालेल. शिरेला भार लागतो; थोडं दुखवत दुखवतच ती मजबूत होते. स्नायूचं दुखणं बहुतेक दोन दिवसांचं असतं. हाडाला मात्र फक्त शून्य चालतो. एकसुद्धा नाही. म्हणजे 'दहापैकी किती' हा प्रश्नच अर्धवट होता. कशातलं, हे आधी कळायला हवं. आम्ही अंगावर काढणारी माणसं शिरेचं, स्नायूचं, हाडाचं, मनाचं सगळं एकाच पोत्यात भरतो आणि वर 'सहनशक्ती' अशी चिठ्ठी लावतो.

बर्फाचंही तसंच झालं. 'आराम, बर्फ, पट्टी, पाय वर' हे सूत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये आपल्या पुस्तकात दिलं आणि ते जगभरच्या मैदानांवर गेलं. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण आराम यांमुळे बरं होणं लांबू शकतं. माणसाने आपलंच सूत्र मागे घेणं ही गोष्ट दुर्मीळ. पण तोवर ते आमच्या फ्रीजरमध्ये पोचलेलं होतं, मटारांच्या पिशवीशेजारी.

डिसेंबरात बूट सुटला आणि मी आईकडे सातारला गेले. आईने नडगीला हात लावून पाहिला, एरंडेल आणलं, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे केला. फिजिओने कॅल्शियम आणि प्रथिनांचा जो हिशेब मांडला होता, त्यातला बराचसा त्या डब्यात होता. नाचणीची आंबील, तीळ, खारीक. यावर जास्त लिहीत नाही, कारण मग परंपरेच्या गौरवाचा लेख होईल, आणि उपासही त्याच परंपरेतले.

सातारच्या बाहेर, कोरेगावच्या रस्त्याला, पहाटे साडेपाचला भरतीची पोरं धावतात. ओळीने, हुडी घालून, काही जण मोबाइलची बॅटरी लावून. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक; मैदानी चाचणीचे गुण ५०. एकेका सेकंदावर गुण, आणि गुणावर आयुष्य. डांबरावर धावतात, कारण मैदान दूर. बूट बहुतेकांचे हजार रुपयांच्या आतले, टाचेकडे झिजून तिरके झालेले. बूट नसणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटांनी भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवायचं मनावर घेतलं, आणि १९२० मध्ये अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले.

मी त्या पोरांना विचारलं, नडगी दुखते का कुणाची? सगळे हसले. "नळ्या तर सगळ्यांच्याच दुखतात, मॅडम." 'नळ्या दुखणं' हे तिथे दुखणंच नाही, तो तयारीचा टप्पा आहे. एकाने पँट वर करून दाखवलं, दोन्ही नडग्यांवर घट्ट बांधलेल्या फडक्याच्या पट्ट्या.

या दुखण्याचा शोधच मुळी अशा पोरांमुळे लागला. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कवायतीनंतर पाऊल सुजून दुखणाऱ्या सैनिकांचं वर्णन लिहून ठेवलं. क्ष-किरण सापडायला अजून ४० वर्षं होती. आत हाड मोडलंय हे त्याला दिसणं शक्य नव्हतं. पुढे एक्स-रे आला तेव्हा कळलं, आणि त्याला 'मार्च फ्रॅक्चर' म्हणू लागले. नवा शिपाई, अचानक वाढलेली चाल, नाही म्हणायची सोय नाही. पावणेदोनशे वर्षांत कारणं तीच आहेत. माझ्यासारखे लोक यात नंतर आले, पैसे भरून.

पोरांपासून थोडी लांब एक मुलगी एकटीच पायऱ्यांवर बसली होती. माण तालुक्यातली, एकोणीस वर्षांची, अकादमीच्या खोलीवर राहणारी. माणातली म्हटल्यावर मी ललिता बाबरचं नाव काढलं. तिच्याच तालुक्यातल्या मोहीची, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीनदा पहिली, मग २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत. मुलीने मान डोलावली. तिथल्या प्रत्येक मुलीला कुणी ना कुणी हे सांगत असणार. मी तिला नडगी दाबून दाखवायला सांगितलं. लांबभर दुखतं की एकाच जागी? लांबभर, पसरून दुखत असेल तर बहुधा आवरणाची सूज, ती आवरता येते. तिने एक बोट ठेवलं. एकच बोट, एकच जागा.

"रात्री?"

"रात्री पण."

मी तिला सगळं सांगितलं. हाड, टोळ्या, सहा-आठ आठवडे. तपासणीला लागणारे हजारो रुपये सांगताना माझाच आवाज खाली गेला. सिव्हिलला दाखव म्हणाले. सरांना सांगितलंस का? नाही. सर बाजूला बसवतील. जाहिरात कधीही पडेल. पडली की फॉर्म, मग ग्राउंड, आणि त्या वेळी पाय तयार पाहिजे. पुढची कधी येईल, कुणाला माहीत? घरी दोन वर्षांची मुदत मागून आलेली, त्यातलं दीड वर्ष गेलेलं.

"मावशी," ती म्हणाली, अगदी मायेने, जणू समजूत मलाच घालायची होती, "तुमची या जानेवारीला नाही तर पुढच्या जानेवारीला असतीय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंगावर काढण्याबद्दल मी वर जे काही शहाणपण लिहिलं आहे, ते काढायचं की नाही हे ठरवायची मुभा असणाऱ्यांसाठी आहे. तिचा नंबर घेतला. फिजिओशी फोनवर बोलणं करून दिलं, बिनखर्चाचे दोन-तीन व्यायाम सांगितले, डांबर सोडून मातीच्या कडेने धाव म्हणून सांगितलं. फेब्रुवारीनंतर तो नंबर लागत नाही.

१९ जानेवारीला मी पेडर रोडला उभी होते. परत फिरताना पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास हा चढ येतो. एरवी गाडीतून जाताना चढ आहे हे कळतही नाही. तिथले रहिवासी सकाळपासून संत्र्याच्या फोडी, मीठ, खडीसाखर घेऊन कठड्याशी असतात. माझ्या हातात दुखण्यावर मारायचा फवारा होता. सकाळी साडेआठनंतर माणसं माझ्यासमोर पाय पुढे करू लागली. गुडघे, पोटऱ्या, मांड्या, एकाने तर पाठ. प्रत्येकाला मी विचारायचे, जास्त दुखतंय का? आणि वेदनेने तोंड वाकडं झालेली ती सगळी माणसं एकच उत्तर देत होती: "नाही नाही, थोडंसंच." फवारा म्हणजे नुसता मेंथॉलचा गारवा, मेंदूची दोन मिनिटांची फसवणूक. दोन तासांत चार डबे संपले. आमच्या ग्रुपमधले आठ जण गेले. सातव्या नंबरवर ते मेकॅनिक काका, मान खाली, सावकाश. मला पाहून टाचेकडे बोट दाखवत त्यांनी तीन बोटं वर केली. मला हसू आवरेना.

पुन्हा धावायला लागणं हा फार कंटाळवाणा प्रकार आहे आणि तो कंटाळवाणाच असायला हवा. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं दहा वेळा. दिवसाआड. आठवडाभर शून्य राहिलं तर दोन मिनिटं. बरोबर पोटरीचे व्यायाम, बसून आणि उभ्याने, कारण पोटरीचा आतला स्नायू नडगीला वाकू देत नाही. आणि उड्या. ज्या उडीने सगळं सुरू झालं तीच औषध म्हणून, पण मोजून: वीस सकाळी, वीस संध्याकाळी. हाड लवकर कंटाळतं, फिजिओ म्हणते. थोड्या ठोक्यांनंतर त्याला भार कळेनासा होतो. मधे काही तास गेले की पुन्हा कान टवकारतं. म्हणून सलग दोनशेपेक्षा वीस-वीस बऱ्या. एप्रिलमध्ये पाळी आली. वजन चार किलोनी वाढलं. माझी वेळ प्रति किलोमीटर अर्ध्या मिनिटाने मंदावली आहे आणि मी ते स्वीकारलं आहे असं सगळ्यांना सांगते.

२०२५ च्या नवरात्रात उठता-बसता उपास केले, म्हणजे पहिला आणि शेवटचा. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पायाचं कारण आहे ना, मग चालतं." तिच्या मनगटाच्या वेळी हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

हे लिहिताना पुढची मुंबई मॅरेथॉन १८ जानेवारी २०२६ ला आहे. नाव नोंदवलं आहे. फ्रिजवर तक्ता आहे, त्यात या खेपेला गणपतीचे रविवार आधीच वजा केलेत. शेजारी एक वही, तिच्यात प्रत्येक धावेपुढे एक आकडा. हा लेख संपादकांकडे द्यायच्या आदल्या रविवारी १८ किलोमीटर होते. अकराव्याला, पाषाणच्या अलीकडे, डाव्या नडगीत आतल्या बाजूला काहीतरी झालं. दुखलं असं नाही. तिथे नडगी आहे हे जाणवलं, एवढंच. थांबले, दाबून पाहिलं, एक किलोमीटर चालले, पुन्हा धावून पाहिलं. वही घरी होती म्हणून मोबाइलमध्ये शून्य लिहिलं. मग खोडलं, आणि एक लिहिलं.

चौकात रिक्षा केली. रिक्षावाल्याने आरशातून माझे बूट, घड्याळ, पाण्याचा पट्टा सगळं पाहून घेतलं.

"पळायला आला होतात ना?"

"हो."

"मग?"

मी त्याला मीटर टाकायला सांगितलं.